अठरा कार्बनांचा फेर

मित्रांनो, मी एक फेर आहे. तुम्ही हातात हात घेऊन मैदानात धरता ना, तसाच. फक्त माझ्यात अठरा कार्बन उभे आहेत. बारा हायड्रोजन फेराबाहेर, सहा आत. माझ्यासारखे असंख्य जमले, तेव्हा कुठे कुपीत चिमूटभर लालसर तपकिरी स्फटिक दिसले.

माझा जन्म काही सहजासहजी झाला नाही. सहा-सहा कार्बनांचे तीन तुकडे जोडायचे होते. मला घडवणाऱ्या ताईने पहिल्यांदा घाईघाईत सगळे तुकडे एकदम ओतले. गर्दीत ज्याने त्याने सापडेल त्याचा हात धरला, लांबच लांब साखळ्या झाल्या आणि चंबूत काळा चिकट गाळ बसला.

"अति घाई, संकटात नेई," चंबू खरवडत ताई पुटपुटली.

दुसऱ्या वेळी तिने भरपूर द्रावक घेतला आणि तुकडे थेंबाथेंबाने सोडले. आता जवळपास परके कोणी नव्हते, म्हणून साखळीच्या एका टोकाला स्वतःचेच दुसरे टोक सापडले. मग तीव्र आम्लारीने माझे बंध जागचे हलवले आणि हायड्रोजनने तिहेरी बंधांचे दुहेरी केले. तो जास्त झाला असता तर माझा निकालच लागला असता, म्हणून उत्प्रेरकाचा जोर मुद्दाम कमी केला होता.

एवढ्या मोठ्या फेरातही सहा कार्बनांच्या बेंझीनसारखे इलेक्ट्रॉन गोल फिरतात का, हे ताईला शोधायचे होते. फिरत असतील, तर चुंबकाच्या यंत्रात आतले आणि बाहेरचे हायड्रोजन अगदी वेगळे दिसायला हवेत. पण पडद्यावर उमटली दोन पसरट, पुसट टेकाडे.

"हे काही धड नाही गं," तिचे सर म्हणाले. "माल संपत आलाय. विषय बदलू या."

ताईचा चेहरा एवढासा झाला. "सर, आतले-बाहेरचे जागा बदलत असतील तर? थंड करून बघते ना."

"बघ बाई. पण हे शेवटचं."

खरे सांगू? तिचे बरोबर होते. उबेत मला स्वस्थ बसवत नाही. आतले बाहेर, बाहेरचे आत सुरूच असते. थंडीने मी निमूट झालो. पडद्यावर दोन सुळके उभे राहिले, आणि आतल्या सहांचा तर मोजपट्टीवरच्या शून्याच्याही पलीकडे! माझे इलेक्ट्रॉन खरेच गोल फिरत होते. ताई आनंदाने तिथेच रडू लागली.

मग उरलेल्या चिमटीकडे सरांचे लक्ष गेले. "अगं, याला उजेडात काय ठेवलंयस?" म्हणत त्यांनी स्वतः कुपी गुंडाळून थंड कप्प्यात ठेवली.

मित्रांनो, मला उजेड मानवत नाही. अंधारात, गारव्यात जपा. आणि कुणी पुसट दिसला तर लगेच टाकून देऊ नका. मी पुसट दिसलो तेव्हाही फेरच होतो. फक्त जरा हलत होतो.