शिळं पाणी

आईने थोरल्या लेकीला ओळखणं सोडलं, तेव्हा लेकीने आईच्या दंडाची चिमूटभर कातडी आपल्या प्रयोगशाळेत आणली. कातडीपासून चेतापेशी वाढवल्या आणि त्यांचे लांब धागे मुख्य पेशीपासून कापून वेगळे केले. संशोधन वगैरे वरिष्ठांना सांगायला. तिला एवढंच हवं होतं, की आईत आपण कुठेतरी शिल्लक आहोत का.

तुटलेला धागा लगेच मरत नाही. मुख्य पेशीने आधीच धाडलेले निरोप त्याच्यात पडून असतात. बाहेरून योग्य खूण मिळाली, की तो कुणाला न विचारता जागच्या जागी नवी प्रथिनं बनवतो आणि रंग घातला की ती हिरवी चमकतात. खूण नसेल तर नुसता काळोख.

त्या दुपारी बिनखुणेची बशी हिरवीगार झाली.

"काय ओतलंस यात?" तिने सहकारिणीला विचारलं. हिला सगळे वादळ म्हणत, आणि उगाच म्हणत नसत.

"कोरं पाणी. म्हणजे... अगं बाई, शिळं ओतलं वाटतं!"

शिळं म्हणजे ज्यात दुसऱ्या पेशी राहून गेल्या ते. पेशींना पोसणारं हे पाणी कोरं असो की शिळं, दिसायला गुलाबीच, त्यामुळे घाईत घोटाळा व्हायचाच.

"कुणाच्या पेशींचं?"

"तुझ्याच की. तुलनेसाठी आपली कातडी तूच नाही का दिलीस?"

तुलनेसाठी वादळाने आणि वरिष्ठांनीही कातडी दिली होती. मग त्यांनी वादळाच्या पेशींचं शिळं ओतून पाहिलं. काळोख. वरिष्ठांचं ओतलं, तरी काळोख. पुन्हा लेकीचं ओतलं आणि धागे उजळले.

"पेशी माणूस ओळखत नाहीत गं," वादळ हळूच म्हणाली. "आणि हे तर तुटलेले तुकडे."

लेक मात्र आनंदाने वेडी होऊन घरी धावली. आई खिडकीपाशी बसली होती.

"आई, मी आले."

"कोण हवंय आपल्याला?"

लेकीचा जीव तुटला. ती मागे वळणार, तोच आईच्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट, की नखं रुतली. हुंदका आवरत तिने वर पाहिलं. आई भेदरून स्वतःच्याच बोटांकडे बघत होती.

"सोडा हो मला," आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "का धरून ठेवलंय?"