आरसेबाबांना कसं कळलं?

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडच्या कडेला, न विकलेल्या प्लॉटांच्या माळावर आरसेबाबांचा मांडव पडला, तेव्हा दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं. शेजारच्या वसाहतीतल्या बोअर आटल्या होत्या. बायका टँकरच्या रांगेत घागरी ठेवायच्या आणि ऊन टाळायला मांडवात येऊन बसायच्या. टँकरचा काही भरवसा नव्हता. बाबा मात्र रोज ठरल्या वेळी गादीवर हजर.

बाबांच्या हातात पितळी चौकटीचा जाडजूड आरसा असे. तो ते स्वतःकडं तोंड करून धरत, डोळे अर्धे मिटत आणि म्हणत, "मी कोण सांगणारा? मी तर मुका. आरसा बोलतो, मी फक्त ऐकतो." मुक्या माणसाच्या मानानं बाबा फार बोलत. कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, कुणी भावाविरुद्ध कोर्टात काय अर्ज केला, कुणाचा मुलगा पुण्यात कोणत्या बाईबरोबर राहतो, सगळं नावानिशी. ज्याचं नाव निघे त्याच्या अंगावर काटा येई, आणि बाकीचे जास्तच खाली वाकत.

त्या दिवशी बाबांनी कस्तुराबाईंना पुढं बोलावलं.

कस्तुराबाई पाचोडजवळच्या एका वस्तीवरच्या. जन्म मेंढरांमागं गेला होता. पाणी संपलं तेव्हा मेंढरं विकली आणि त्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाकडं, अजिनाथकडं, राहायला आल्या. बाबांनी आरशात पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माई, डाव्या छातीत गाठ आहे. पोरापासून लपवलीस. डॉक्टर म्हणतो, सुई घालून बघू. आरसा म्हणतो, सुई लागली की गाठ फुटेल आणि अंगभर पसरेल. रोज अंगारा लाव. दवाखान्याची पायरी चढू नकोस."

मागं बसलेली त्यांची सून, दिपाली, मांडवभर नजर फिरवू लागली. ती गाठ जगात मोजक्या माणसांना ठाऊक होती. कस्तुराबाईंनी न्हाणीत सुनेला दाखवली होती आणि अजिनाथला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. दिपालीनं त्यांना गुपचूप नेऊन तपासणी करून आणली, आणि त्या रिपोर्टचा फोटो आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, विशाखाला, मेलनं पाठवला. विशाखाचा नवरा अभय कॅन्सरचा डॉक्टर होता. त्याचं उत्तर आलं होतं: सुईची तपासणी ताबडतोब करा. ते उत्तर वाचलं फक्त दिपालीनं. मांडवात विशाखा नव्हती, अभय नव्हता. आणि बाबांना सुईसुद्धा माहीत होती.

घरी येताच कस्तुराबाईंनी कपाळाला आणि छातीला अंगारा लावला. दिपालीनं दवाखान्याचा विषय काढला तर त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. म्हणाल्या, "ज्याला न सांगता समजतं, त्याचं ऐकायचं का ज्याला सुई खुपसून बी नक्की समजंना त्याचं?" अजिनाथला आता सगळं कळलंच होतं. तोही घाबरला होता. आईला काही झालं तर, आणि बाबांचं मोडून काही झालं तर, या दोन्ही भीतींच्या मध्ये तो नुसता बसून राहिला.

दिपालीची भीती वेगळी होती. तिला वाटू लागलं, तो माणूस आत्ताही आपल्याकडं बघतोय. ती पदर सावरून भाकरी थापू लागली. मनात बाबांविषयी वाईट विचार आला की घाईनं दुसरंच काही आठवू लागली, न जाणो आरशात दिसायचं. वसाहतीच्या तोंडाशी तिचं छोटंसं संगणक केंद्र होतं, दोन संगणकांचं. तिथं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरणं, मेल पाठवणं, तिकिटं काढणं चाले. त्या खोलीतही तिला एकटीनं बसवेना. कॅमेऱ्याच्या भोकावर तिनं टिकली चिकटवली.

शेवटी धीर करून ती शहरात, औरंगपुऱ्यात गेली. विशाखा तिथं एका संस्थेत संगणक शिकवायची. बोलताना दिपाली रडली. तुमच्यापैकी कुणी बोललात का, एवढंच तिनं विचारलं. विशाखानं नाही म्हटलं, आणि तिचा हात धरून एकच प्रश्न केला.

"तो मेल कुठल्या संगणकावर उघडला होतास?"

दिपालीनं सांगितलं, केंद्रातल्याच. मग विशाखानं विचारलं, बाबांनी आजवर ज्यांची गुपितं सांगितली, ती माणसं कोण होती? दिपाली आठवू लागली. लग्न मोडलेल्या मुलीचा बाप तिच्याकडं मेल पाहायला येई. भावाविरुद्धचा अर्ज तिनंच टाइप केला होता. पुण्यातल्या मुलाचे मेल त्याची आई तिच्याकडून वाचून घ्यायची. आरशाला वसाहतीतल्या सगळ्या घरांतलं दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं ते फक्त तिच्या केंद्रातलं.

ही भीती पहिलीपेक्षा मोठी होती. म्हणजे चोरवाट आपल्याच दारातून गेली होती तर.

विशाखा दुसऱ्याच दिवशी केंद्रात आली. तिला फार शोधावं लागलं नाही. बाबांच्या माणसांनी वसाहतीत पत्रकं वाटली होती, 'घरबसल्या ज्योतदर्शन', आणि खाली वेबसाइटचा पत्ता. लोक ते पत्रक घेऊन दिपालीकडं येत आणि पान उघडून मागत. पानावर एक ज्योत दिसे. थोड्या वेळानं ती क्षणभर विझे आणि पुन्हा पेटे. विझली की बाबांची नजर पडली, असं सगळे मानत आणि हात जोडत.

"नजर नाही पडत," विशाखा म्हणाली. "त्या क्षणी चोर आत येतो."

मग तिनं समजावून सांगितलं. ब्राउझर पानावरच्या प्रत्येक वस्तूला, चित्राला, बटणाला, संगणकाच्या मेमरीत थोडी जागा देतो आणि त्या जागेचा पत्ता जवळ ठेवतो. वस्तू पानावरून काढली की जागा मोकळी होते. तेव्हा पत्ताही पुसायचा असतो. दिपालीचा ब्राउझर फार जुना होता, आणि त्यात नेमकी ही चूक राहून गेली होती. ज्योत विझली, तिची जागा मोकळी झाली, पण ब्राउझरकडं पत्ता तसाच राहिला. तेवढ्यात ते पान त्या मोकळ्या जागेत आपलं सामान भरून टाकी. पुढं ब्राउझर जुन्या पत्त्यावर जाई, तिथं अजून ज्योतच आहे असं समजून, आणि जे सापडेल ते हुकूम म्हणून पाळी.

दिपालीला अजून पुरतं उमगलं नव्हतं. विशाखा म्हणाली, "समज, तुझा भरवशाचा भाडेकरू खोली सोडून गेला. तुला कुणी सांगितलंच नाही. तू नेहमीसारखी घराच्या चाव्या त्याच्या खोलीत ठेवायला पाठवतेस. आणि आत आता दुसराच बसलाय."

चाव्या मिळालेल्यानं संगणकात एक लहानसा प्रोग्राम बसवला होता. जे काही टाइप होई, जो मेल उघडे, त्याची नक्कल बाहेर जाई. ही चूक बाबांनी काही तप करून शोधली नव्हती. असली हत्यारं तयार विकत मिळतात. ब्राउझर बनवणाऱ्यांना ती चूक केव्हाच कळली होती आणि तिची दुरुस्ती फुकट मिळत होती. पण अपडेट सुरू झालं की नेट संथ होतं, गिऱ्हाईक ताटकळतं, म्हणून दिपालीनं ते बंद करून ठेवलं होतं.

"मग आत्ताच पुसून टाक सगळं," दिपाली म्हणाली.

विशाखानं मान हलवली. एक संगणक तिनं जसा होता तसा ठेवला; पोलिसांना दाखवायला पुरावा लागणार होता. दुसरा पूर्ण पुसून, नवीन ब्राउझर घालून उभा केला. नव्या ब्राउझरमध्ये ती चूक दुरुस्त झाली होतीच, शिवाय तो प्रत्येक पान वेगळ्या बंद खोलीत उघडायचा. म्हणजे उद्या दुसरी एखादी चूक निघाली तरी चोराला एका खोलीतून सगळ्या घरात शिरणं सोपं जाऊ नये. तिथं बाबांचं पान उघडलं. ज्योत एकदाही विझली नाही; जुना ब्राउझर दिसला तरच ते पान ती विझवत होतं.

मग विशाखानं तिला दोन खोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या, दोन संगणकांवरून दोन, दुसरी नव्या मेल खात्यातून. आरशाला दैवी दृष्टी असेल तर दोन्ही खोट्या आहेत हे त्याला कळेल. संगणकातून चोरी असेल तर एकच गोष्ट बाबांच्या तोंडून निघेल, आणि तीही खरी म्हणून. दिपालीनं जुन्या संगणकावरून विशाखाला मेल लिहिला: सासूबाईंना दुसरा मुलगा होता, रामकिसन, लहानपणी विहिरीत गेला, त्या कुणाला सांगत नाहीत. जिवंत आईच्या नावावर मेलेलं मूल चढवायचं, हे तिला पाप वाटत होतं. पण कस्तुराबाईंना आधी सांगितलं असतं तर त्यांच्या तोंडावर दिसलं असतं.

बाजाराच्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. दिपाली सासूजवळ बसली. विशाखा मागं उभी होती. दिपालीला एकच धास्ती होती: आरसा खरंच बघत असेल तर आज आपली धडगत नाही.

बाबांनी आरसा धरला, बराच वेळ घेतला आणि हुंदका दिल्यासारखा आवाज काढला. "माई, गाठ का झाली ते आज दिसलं. विहिरीत गेलेलं पोर आईच्या छातीशी येतंय. तुझा रामकिसन. त्याची शांती कर."

मांडव हळहळला. कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या.

"म्या एकच पोर जन्माला घातलं, महाराज. ह्यो दुसरा कुनाचा?"

बाबांनी आरसा पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, मागच्या जन्मीचा.

"मागल्या जन्मीचं आरशाला दिसतं," कस्तुराबाई म्हणाल्या, "आन् ह्या जन्मात म्या कितीदा बाळंत झाले, ते नाय दिसत व्हय?"

कुणीतरी हसलं. दिपालीला उठायचं होतं, पण समोर सगळी वसाहत होती, तिचीच गिऱ्हाइकं. तरी ती उठली. ती म्हणाली, रामकिसन मी बनवला, माझ्या केंद्रातल्या संगणकावर लिहिला. दुसऱ्या संगणकावरून मी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ती आरशानं सांगावी.

बाबांनी आरशात पाहिलं. चौकट जरा हलवली. पुन्हा पाहिलं. मग नास्तिकांपुढं आरसा बोलत नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

"मीच सांगते," दिपाली म्हणाली. "आमच्या ह्यांनी पैठणहून उंट आणलाय आणि तो गच्चीवर बांधलाय."

अजिनाथच्या भाड्याच्या घराला पत्र्याचं छप्पर होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. हशा पिकला. त्या गलक्यात कस्तुराबाई गादीपाशी पोचल्या आणि मेंढराचं शिंग धरावं तशी आरशाची चौकट धरून त्यांनी ती काढून घेतली. वरच्या अर्ध्या भागात काच होती. खालच्या अर्ध्यात मोबाईल बसवलेला होता, चालू. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या मुलीला त्यांनी वाचायला लावलं. मुलगी मोठ्यानं वाचू लागली, 'सासूबाईंना दुसरा मुलगा होता, रामकिसन...' आणि थांबली.

मांडवामागच्या गाडीत कडूबा नावाचा चेला लॅपटॉप घेऊन बसलेला सापडला. विशाखानं सायबर पोलिसांत आधीच तक्रार दिली होती. जुना संगणक, आरसा आणि लॅपटॉप त्यांनी ताब्यात घेतले. सगळ्यांचे डोळे उघडले असं नाही. काही जण म्हणाले, बाबा खरे, चेला वाईट. दिपालीनं मात्र घरोघर जाऊन सांगितलं, माझ्या संगणकातून तुमचं बाहेर गेलंय, दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदला. काहींनी तिला दारातच सुनावलं. काही पुन्हा केंद्रात आलेच नाहीत. तिनं ते सोसलं. संगणकावर लोकांसाठी आता मर्यादित अधिकारांचं, म्हणजे नवा प्रोग्राम बसवता न येणारं, वेगळं खातं आहे, आणि अपडेट आलं की गिऱ्हाइकाला थांबावं लागतं.

सुईच्या तपासणीला दिपाली कस्तुराबाईंना रिक्षानं घेऊन गेली. दवाखान्याच्या दारात त्या थांबल्या.

"पोरी, सुईनं खरंच पसरत नाय ना?"

"नाय पसरत, आत्याबाई. मी अभयदादांना विचारलं. तुम्ही बी विचारा. न समजलं तर परत विचारा."

त्यांनी विचारलं, आणि न कंटाळता अभयनं सांगितलं. गाठ कॅन्सरचीच निघाली. शस्त्रक्रिया झाली, केस गेले, पुन्हा आले. वेळेत आलात, अभय म्हणाला, अंगाऱ्याच्या नादात अजून थांबला असतात तर हे सांगता आलं नसतं.

गुपित सांगणारा माणूस समोर आला की भीती वाटते. दिपालीसारख्या शिकलेल्या बाईलाही वाटली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जे कळलं ते कुठून तरी कळलेलं असतं, मेमरीतल्या एका न पुसलेल्या पत्त्यावरून का होईना. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडायच्या आधी मागं जा: हे मी कुठं बोललो, कुठं लिहिलं, कुणी ऐकलं? हे विचारायला इंजिनियर व्हावं लागत नाही. कस्तुराबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आपल्याला मुलं किती, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते भर मांडवात मोठ्यानं म्हणायला त्या कचरल्या नाहीत.