मुकुटाखालचा डब्ल्यू

आमच्या घरी कैसर विल्हेल्म एका बंदुकीच्या पोटाखाली राहतो. नळ्या कुंद्यापासून सोडवून उलट्या केल्या की खालच्या पोलादावर दोन बारीक मुकुट दिसतात आणि प्रत्येक मुकुटाखाली एक डब्ल्यू. लहानपणी मी विचारलं होतं, "विल्हेल्म एकच होता ना, मग डब्ल्यू दोन का?" तेव्हा गेरोल्डकाका म्हणाले होते, "कारण तो विल्हेल्म दुसरा." मला ते पटलं होतं, याचा मला आजही राग येतो.

बंदूक तीन नळ्यांची. वर शेजारी शेजारी दोन छर्‍यांच्या, खाली एक गोळीची. आमच्या गावात अशा बंदुकीला तिळं म्हणतात. माझे खापरपणजोबा इथेच, सूलमध्ये, बंदुकांच्या कारखान्यात कानस चालवायचे. कैसर शिकारीला आला, त्याची बंदूक अडकली, खापरपणजोबांनी ती एका फटक्यात सोडवली आणि कैसरनं खूश होऊन ती त्यांनाच देऊन टाकली. दुसर्‍या एका आवृत्तीत कैसर ती विसरून जातो. तिसरीत रडतो. पुढे रशियन आले तेव्हा पणजीनं ती सशांच्या खुराड्याखाली पुरली, आणि पूर्व जर्मनी नावाचा अख्खा देश त्या खुराड्यावरून येऊन गेला. देश बुडाला, ससे संपले, बंदूक वर आली.

तिच्यावर यू, जी, एस ही अक्षरंसुद्धा मुकुट घालून बसली आहेत. ती जर्मन शब्दांची आद्याक्षरं धरून घरच्यांनी त्यांचं 'आमच्या कृपाळू सम्राटांना' असं वाक्य करून टाकलं. छर्‍यांच्या नळ्यांवर 'गोळीसाठी नाही' असं कोरलंय, तो कैसर शांतताप्रिय असल्याचा पुरावा. पुढे त्यानं जे केलं त्याबद्दल बंदुकीवर काही लिहिलेलं नाही.

मी, हेन्रीके, याच गावात बंदूककामाचं शिक्षण घेतलं. पहिल्याच वर्षी गुरुजींनी ठशांचा तक्ता समोर ठेवला. यू म्हणजे तपासलं. जी म्हणजे आत आटे असलेली नळी. एस म्हणजे छर्‍यांची नळी. आणि डब्ल्यू म्हणजे छर्रे लवकर पांगू नयेत म्हणून तोंडाशी किंचित आवळलेली नळी. अशा नळीचा जर्मन शब्द डब्ल्यूनं सुरू होतो आणि तो गळा दाबण्यावरून आलाय. दोन नळ्या आवळलेल्या, म्हणून डब्ल्यू दोन. आवळलेल्या तोंडातून अख्खी गोळी मारली तर नळी फाटेल, म्हणून 'गोळीसाठी नाही'. मुकुट सरकारी चाचणीचा. कैसर त्या बंदुकीच्या जवळपासही फिरकला नव्हता.

हे मी घरी सांगितलं. आजोबांनी माझ्या ताटात आणखी एक बटाट्याचा गोळा वाढला आणि विषय संपला. सूलमध्ये जन्मलेल्या माणसाला ठसे शिकावे लागत नाहीत, ते त्याला येतातच, असं इथे धरून चालतात. काका तर मॉड्युलर किचन विकतात, तरी त्यांनाही येतात.

यंदा आजोबा, ओटफ्रीड त्यांचं नाव, ऐंशी वर्षांचे झाले. आमच्या नेमबाजी क्लबात ऐंशी पूर्ण झालेल्या सभासदाला मानाचा बार काढू देतात. समोर रंगवलेली लाकडी चकती, मागे बँड, नंतर भाजलेले सॉसेज. क्लबाचे अध्यक्ष काका. वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाल काडतुसांचा डबा ठेवला. नवीकोरी, बिनधुराच्या दारूची, जोरकस काडतुसं.

"कोणत्या बंदुकीसाठी?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? कैसरच्या."

मी बंदूक उघडली, नळ्या सोडवल्या आणि पोट वर करून त्यांच्यासमोर धरलं. "काका, इथे एन दाखवा. मुकुटाखाली एन."

त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं. "नाहीये."

"नाहीये ना! बिनधुराच्या दारूची चाचणी झालेली असली की एन मारतात. ही बंदूक त्याच्या आधीची, हिला फक्त काळी दारू झेपते. तुमचं काडतूस आत बसेल, पण त्याचा दाब हिला सोसणार नाही. नळी फुटेल ती नेमकी डाव्या हाताच्या वर. हात जाईल आजोबांचा. डोळाही."

काका हसले. "अगं पोरी, मुकुटाखाली एन म्हणजे नेपोलियन. तो आपल्या बंदुकीवर नाही, हे बरंच आहे की."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हाही काका तिथेच होते.

"मग डब्ल्यू म्हणजे काय, सांगा."

"विल्हेल्म."

मी त्यांचा टाय धरला आणि गाठ वर सरकवली. "डब्ल्यू म्हणजे हे. कळलं? हे!"

"रीके! सोड! नवा टाय आहे!"

"नळीचा गळा आवळलाय काका, एवढंच. तुम्ही गळ्यावरचा ठसा बघून राजा ओळखताय!"

आजोबा दारात उभे होते. ठेवणीतला हिरवा कोट, टोपीत पीस. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, निदान ते तरी. शेवटी हात त्यांचा होता.

"म्हणजे माझे आजोबा खोटं बोलले?" ते म्हणाले.

"आजोबा, मी हाताबद्दल बोलतेय."

"आणि मी माझ्या आजोबांबद्दल. ऐंशी वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली. पाळण्यात होतो तेव्हापासून."

"मग जन्मभर हात सांभाळून आज घालवायचाय?"

"कैसरच्या बंदुकीनं गेला तर गेला," आजोबा म्हणाले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, काही अंशी टायमुळे.

मला दोघांना त्या सशांच्या खुराड्यात कोंडावंसं वाटलं. बंदूक लपवावी तर कपाटाची किल्ली काकांकडे. तक्ता दाखवावा तर म्हणणार, शाळेतले लोक काय, बाहेरगावचे. खरं सगळं सांगून झालं होतं आणि खर्‍याचा काही उपयोग नव्हता. तेव्हा मी खुर्ची ओढली, बसले आणि शांतपणे म्हणाले, "बिनधुराची दारू शोधली कोणी, ठाऊक आहे ना? फ्रेंचांनी."

काकांचा हात डब्यावर थांबला.

"हे पाहून कैसरनं हुकूम काढला होता," मी पुढे म्हणाले. "माझ्या बंदुकीत फ्रेंच दारू जाता कामा नये. म्हणूनच तर एन नाही. तुम्ही बरोबर बोललात काका, एन म्हणजे नेपोलियनच. मला शाळेत चुकीचं शिकवलं." फ्रेंचांचा भाग अर्धामुर्धा खरा होता. हुकूम मी टेबलावरच तयार केला.

काकांनी लाल डबा दोन बोटांनी दूर सारला, त्यात कोणी मेलेला उंदीर ठेवला असावा तसा. "अरे देवा. मी हे त्याच्या बंदुकीत घालणार होतो!"

नळी फुटेल म्हटलं तर हसले. हात जाईल म्हटलं तर खापरपणजोबा काढले. नेपोलियन म्हटल्याबरोबर पांढरे पडले. काळ्या दारूचा परवाना माझ्याकडे होता. मी काम करते त्या कारखान्यात गेले आणि बेताच्या भरणीची काडतुसं स्वतः भरली. भरताना इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं रेडिओ मोठा केला.

दुपारी बँड वाजला. आजोबांनी बंदूक खांद्याला लावली, डावा हात नळ्यांखाली घेतला. मी त्या हाताकडे बघत उभी. बार झाला आणि आजोबा दिसेनासे झाले. चकती, कुंपण, बँडमधला तुतारीवाला, सगळं पांढर्‍या धुरात गेलं. धूर विरला तेव्हा आजोबा होते, चेहर्‍यावर काजळी, आणि हसत होते. मी त्यांची बोटं मोजली. सगळी होती.

तिथेच थांबायला हवं होतं सगळ्यांनी. पण काकांच्या हातात माईक होता.

"मित्रहो," काका म्हणाले, "आजपासून आपल्या क्लबाची परंपरा! मुकुटाखाली एन असलेली फ्रेंच बंदूक मानाच्या बाराला चालणार नाही. ज्यांच्या बंदुकीवर एन नाही, त्यांनी आणावी, आत्ताच आणावी!"

टाळ्या पडल्या. लोक गाड्यांकडे पळाले. ज्या बंदुका सुरक्षित होत्या त्या बाद झाल्या, ज्या फुटणार त्यांना मान मिळाला. हे मी केलं होतं, आजोबांचा हात वाचवण्यासाठी, खुर्चीत बसून. पहिला आला तो हेल्मार पाववाला. काखेत आजीच्या माळ्यावरची जुनी बंदूक आणि हातात काकांनी घरून आणून क्लबाला देऊन टाकलेला तो लाल डबा.

"बघ रीके, आमच्या बंदुकीवर पण एन नाही! एकदम शुद्ध!" आणि त्यानं काडतूस आत सरकवलं.

मी त्याच्या हातातून बंदूक ओढली, काडतूस काढलं, डबा सॉसेजवाल्याच्या पाण्याच्या बादलीत उलटा केला आणि काकांच्या हातातला माईक हिसकावला.

"ऐका रे! एन नाही म्हणजे ही दारू चालत नाही! नेपोलियन नाही, कोणी नाही! हुकूम मी बनवला. डब्ल्यू म्हणजे नळीचं आवळलेलं तोंड. आमच्या घरची बंदूक कैसरची नाही, कधीच नव्हती. कोणाला हात नको असेल त्यानं पुढे यावं!"

कोणी पुढे आलं नाही. हेल्मार बादलीत बुडालेल्या काडतुसांकडे बघत होता. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली.

"गद्दार," काका म्हणाले. माईक माझ्याकडे असल्यामुळे ते फक्त मलाच ऐकू आलं.

आजोबा संथपणे माझ्यापर्यंत आले. काजळीनं माखलेल्या चेहर्‍यात डोळे तेवढे पांढरे. "लोकांसमोर सांगायची गरज होती?" त्यांनी विचारलं.

"घरी सांगितलं होतं, आजोबा. दोनदा."

ते सॉसेजवाल्याकडे गेले, मोहरीची चटणी लावून सॉसेजचा पाव घेतला, डाव्या हाताच्या पाचही बोटांनी तो घट्ट धरला आणि माझ्याकडे पाठ करून खात राहिले.