बदकांचा काही दोष नव्हता

गेल्या रविवारी दुपारी दीड वाजता माझ्या वडिलांनी तीनशे वर्षं अखंड वाहणाऱ्या एका बागेचं पाणी बंद केलं आणि बाग एकोणीस मिनिटं मुकी झाली.

असं काहीही घडलेलं नाही. आम्ही तिघांनी तसं लिहून दिलंय. मजकूर माझाच आहे. झेरॉक्स काढायच्या आणि अर्ज लिहून द्यायच्या दुकानात मी कामाला असते, त्यामुळे न घडलेल्या गोष्टी नीट परिच्छेद पाडून लिहिणं हे माझं रोजचंच. तर जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगते.

बाबा पाणीपुरवठा खात्यात गळती शोधतात. म्हणजे शोधायचे. रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं, हातातली लोखंडी सळई रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खाली पाइपातून पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. एकतीस वर्षं हेच. अशा माणसाच्या घरात लहानपणी मला एकदाही चोरून बिस्कीट खाता आलं नाही.

मागच्या महिन्यात खात्याने सगळ्यांचे कान तपासले. काचेच्या पेटीत बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. पीं ऐकू आलं की बटण दाबायचं. चाळीस पींपैकी बाबांनी सहालाच बटण दाबलं.

"शेजारच्या खोलीत नळ टपकत होता," घरी येऊन ते म्हणाले. "माझं लक्ष तिकडे. वायसर गेलाय त्याचा."

"आणि पीं?" आई म्हणाली.

"ते येतच होतं की. ते काय कुठे वाया जात होतं?"

खात्याने 'श्रवणक्षमता अपुरी' असा शेरा मारून त्यांना टेबलावर बसवलं. काम एकच. आलेल्या प्रत्येक कागदावर 'आले' असा शिक्का मारायचा. शेऱ्यावर हरकत घ्यायला तीस दिवस, आणि हरकतीसोबत त्रयस्थ व जबाबदार व्यक्तीचा लेखी दाखला हवा, की यांना ऐकू येतं. मी पुष्कळांना विचारून पाहिलं. आमचे घरमालक म्हणाले, "ऐकू येतं की. नको तेवढं येतं." पण लिहून द्या म्हटल्यावर त्यांचा चष्मा सापडेना. तिसावा दिवस सोमवारी होता.

त्या महिन्यात बाबांनी घर डोक्यावर घेतलं, तेही आवाज न करता. फ्रीजला कान लाव, भिंतीला कान लाव, वरच्या मजल्यावर जाऊन विचार की तुमची मोरी अशी का बोलते. रात्री जेवताना ताटाशेजारी त्यांचा उजवा हात आपोआप वर-खाली व्हायचा. शिक्का मारत असायचे. शेवटी आई म्हणाली, "रविवारी बाहेर जाऊ. पाण्याची बाग आहे म्हणे. हा माणूस एक दिवस माझ्या शेजारी गप्प बसलेला मला बघायचाय."

गळती शोधणाऱ्याला शांत करायला पाण्याच्या बागेत न्यायचं, हे आईच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मी घरातली तटस्थ संस्था आहे.

बसने दोन तास. शेवटी शेवटी दोन्ही बाजूंना नुसती शेतं आणि मधे एक टेकडी, तिच्या उतारावर बाग. उतरताना आईने बजावलं, "आज कशालाही कान लावायचा नाही."

"नाही लावत."

"मग छत्री कशाला घेतलीत?"

"ऊन आहे."

छत्रीचा दांडा पोलादी आणि मूठ लाकडी होती. आईने ती मूठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. ऊन खरंच होतं.

बाग सुंदर होती, ते कबूल करायला हवं. वरच्या झऱ्याचं पाणी एका हौदातून दुसऱ्यात, असं सात हौदांतून पायरी पायरीने खाली येत होतं. मधल्या दगडी पाटांत ते इतकं पातळ पसरायचं, की तळाच्या फरशीवर कोरलेले मासे पोहल्यासारखे दिसायचे. दोन्ही कडांना कारंजी, कमरेएवढी कापलेली झुडपं आणि दर वीस पावलांवर बसायला बाक. आई पहिल्या बाकावर बसली. बाबाही बसले. मग उठले, दुसऱ्या बाकावर बसले. तिथूनही उठले. असं करत आम्ही सगळ्या बाकांवर बसत सातव्या हौदापर्यंत खाली आलो.

तिथे कमळं होती, पाण्याबाहेर वीतभर देठ काढून उभी, आणि माळीबुवा पाण्यात उभे राहून काठी बुडवून मोजत होते.

"पुन्हा चार बोटं खाली," ते आमच्याकडे बघून म्हणाले. बोलायला माणूस मिळाल्याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "रोज रात्रीत उतरतंय. तीन समित्या बसल्या यावर."

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"बदकं पितात असं ठरलं. चौदा होती, पाच कमी केली. तरी उतरतंयच."

"मग?"

"आता चौथी समिती बसणार आहे. उरलेल्या नवांवर."

ती नऊ बदकं काठाला एका रांगेत बसली होती. त्यांना कुणकुण लागली असावी.

बाबांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. आई म्हणाली, "चला, जेवून घेऊ." आम्ही पुन्हा वर चढलो, कारण सावली मधल्या चौथऱ्यापाशी होती.

हा चौथरा म्हणजे बागेची शान. सगळे इथेच येतात. दगडी फरशी, मधोमध घासून गुळगुळीत झालेला एक दगड, आणि त्याला कान लावला की खालून कुणीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. ज्याला जे हवं ते तो दगड सांगतो, अशी ख्याती. चाळीसेक माणसं रांगेत होती. एका नव्या नवरीने विचारलं, यांचं माझ्यावर खरंच प्रेम आहे का, आणि कान लावला. नवरा घड्याळ बघत होता. बाजूला हे सगळं कसं चालतं त्याची मोठी पाटी होती. बाबा पाट्या वाचत नाहीत. त्यांनी रांगेच्या बाहेरूनच छत्री फरशीला टेकवली आणि मूठ कानाला लावली.

त्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा जागेवर आला.

"दीड इंची पाइप," ते माझ्या कानात म्हणाले. "जोड सुटलाय. खाली पोकळी झालीय, चाळीस माणसं उभी आहेत वर. खचलं तर?"

"बाबा, जेवण."

"तू डबा उघड. मी आलोच."

मी डबा उघडला. आईने ब्रेड आणि उकडलेली अंडी काढली, मीठ शोधलं, थर्मास उघडला, मग मान वर केली आणि म्हणाली, "जा, बघ."

ते वरच्या हौदामागे झुडपाआड एका लोखंडी झाकणाशी उभे होते. समोर माळीबुवा, हातात कमरेएवढी चावी. नळ खात्यात रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवायला असते तशी, वर आडवी मूठ. बाबांनी फक्त "चावी आणा" म्हटलं होतं म्हणे. एकतीस वर्षांत तो आवाज असा तयार झालाय की कुणीही चावी आणतं. एकदा बँकेत म्हणाले होते, तेव्हा मॅनेजर उठला होता.

"फिरतो का हा?" बाबांनी विचारलं.

"दरवर्षी तेल घालतो साहेब. फिरवायचा नाही असं सांगितलंय."

"मग तेल कशाला?"

माळीबुवांनी चावी बाबांच्या हातात दिली. नोकरीच्या बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"झऱ्याचं पाणी बाजूच्या ओढ्यात जाईल, काळजी नको," बाबा म्हणाले आणि फिरवायला लागले. मी "बाबा, पाटी तरी वाचा" म्हणेपर्यंत साडेअकरा फेरे झाले होते.

आधी कारंजी खाली बसली, एकामागून एक, वर्गात मास्तर आल्यासारखी. मग पाटातलं पाणी ओसरलं आणि मासे दगडाचे झाले. मग ती कुजबुज थांबली. चौथऱ्यावर चाळीस माणसं गप्प उभी. नव्या नवरीने दगडावरचा कान हळूच काढला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने घड्याळाचा हात खिशात घातला.

माळीबुवांनी आम्हाला पाटीपाशी नेलं. मी मोठ्याने वाचलं. फरशीखाली मातीचे एकशे आठ रिकामे घडे पालथे घातले आहेत, त्यांच्यावरून पाणी मुद्दाम सोडलं आहे, आणि त्यामुळे हा जगावेगळा आवाज येतो. गळती नव्हती. गाणं होतं.

बाबांनी छत्री बगलेत घेतली. आई येऊन उभी राहिली होती.  बाबा फरशीकडे बघत म्हणाले, "म्हणजे खात्याचं बरोबर आहे. टेबलच बरं."

त्यांचा उजवा हात वर गेला, शिक्का मारतात तसा. आणि वरच थांबला.

"हे कोण बोलतंय?" ते म्हणाले.

"कुणीच नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं. अशी शांतता मी दुकानात फक्त मशीन बंद पडल्यावर ऐकलीय.

ते चालायला लागले. छत्री टेकवायची, मूठ कानाला, दोन पावलं, पुन्हा टेकवायची. त्यांच्यामागे माळीबुवा, त्यांच्यामागे आई हातात अर्धं अंडं घेऊन, आणि मग ती चाळीसच्या चाळीस माणसं, दुसरा काही कार्यक्रम उरला नसल्याने. सहाव्या हौदापासून तेवीस पावलांवर, बदकांच्या खुराड्याला लागून, बाबा थांबले.

"इथे. हाताने उकरा. कुदळ नको, पाइप मातीचा आहे."

माळीबुवांनी कोपरापर्यंत उकरलं आणि खड्ड्यात पाणी आलं. आणखी उकरल्यावर मूळ दिसलं, पाइपात घुसून त्याचे दोन तुकडे केलेलं. वरून पाणी बंद असलं तरी सहाव्या हौदात साठलेलं पाणी सातव्यात जाताना तिथूनच मातीत जात होतं. वरच्या कुजबुजीत ते इतकी वर्षं झाकून गेलं होतं. बाग गप्प केल्याशिवाय ते कुणालाच ऐकू येणार नव्हतं, आणि गप्प केल्यावरही एकालाच आलं.

माळीबुवा गुडघ्यावर बसून बदकांकडे बघत राहिले. "पाच," ते म्हणाले. "उगाच."

आईने उरलेलं अर्धं अंडं बाबांच्या हातात दिलं. आमच्या घरात याला मिठी म्हणतात.

तेवढ्यात बागेच्या व्यवस्थापिका मॅडम जेवण अर्धवट टाकून आल्या. त्यांनी आधी पाणी सुरू करायला लावलं, मग रांग पुन्हा चौथऱ्यावर पाठवली, मग आम्हाला ऑफिसात नेलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'तीनशे वर्षे अखंड'.

"यातलं 'अखंड' कसं पुसायचं ते सांगा," मॅडम म्हणाल्या. "तिकिटांवर आहे, कपांवर आहे, मंत्रालयाच्या फायलीत आहे."

"चूक माझी," बाबा म्हणाले. "पण तुमची गळती सापडली."

"कधी सापडली? पाणी बंद असताना. पाणी कधी बंद होतं? कधीच नाही. मग कशी सापडली?"

दुकानात रोज दहा अर्ज लिहूनही मला यातली फट सापडेना.

मग आई बोलली. "आम्हाला फक्त एक ओळ हवीय, मॅडम. यांना ऐकू येतं, एवढीच. उद्या शेवटचा दिवस आहे. गळतीचं नाव नको, बागेचं नको."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पेन हातात घेतलंसुद्धा. "काय ऐकू आलं असं लिहू?" त्या म्हणाल्या, थांबल्या, आणि पेन खाली ठेवलं. "बाई, जे घडलं नाही ते यांना ऐकू आलं असं मी लिहिलं, तर यांना टेबलावरूनही उठवतील."

गळती चौथ्या समितीला पुढच्या वर्षी सापडेल असं त्यांनी सांगितलं. तोवर तिथे रोप लावायचं. आम्ही काही घडलं नसल्याचं लिहून द्यायचं, म्हणजे त्या बाबांवर तक्रार करणार नाहीत. मी लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. माळीबुवा साक्षीदार, काही न बघितल्याचे.

बसमध्ये आई झोपली. बाबांनी छत्री पायाशी टेकवली, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ इंजिन ऐकलं. मग म्हणाले, "उद्याचा अर्ज लिही."

"दाखला नाही आपल्याकडे."

"नसू दे. आवक टेबलावर मीच असतो. निदान 'आले' तरी होईल."

तर तो अर्ज सोमवारी खात्यात आला. शिक्का बाबांनीच मारला, सरळ आणि ठळक. मजकूर असा:

प्रति, मा. प्रमुख, गळती विभाग, पाणीपुरवठा खाते.

विषय: न घडलेल्या घटनेत ऐकू आलेला आवाज ग्राह्य धरणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गत रविवारी नमूद न करता येण्याजोग्या ठिकाणी काहीही घडले नाही. सदर वेळी अर्जदारास दूरवरचा जमिनीखालील आवाज स्पष्ट ऐकू आला. सोबत दाखला जोडलेला नाही. साक्षीदार नऊ असून ते सही करू शकत नाहीत. आणखी पाच साक्षीदारांना गैरसमजातून कमी करण्यात आले आहे, त्यांना सन्मानाने परत बोलावणे आपल्या अधिकारात बसत असल्यास तसे आदेश व्हावेत. अर्जदाराची श्रवणचाचणी पुन्हा घेण्यात यावी व तीत पीं ऐवजी नळ लावावा. हे शक्य नसल्यास, चाचणीच्या पेटीशेजारील खोलीतील नळ अद्याप टपकत असून तो अर्जदारास दोन मजले खालून, शिक्के मारताना, ऐकू येत आहे. करिता सदर नळाचा वायसर बदलण्यापुरती अर्जदारास टेबलावरून उठण्याची व तेथवर पायी जाण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.