सात कड्यांचा पीळ

लालबागच्या चाळीत अक्षदा सहा वर्षं नेमकं काय करते, हे कुणालाच कळत नव्हतं. तिच्या वडिलांना, दौलत घाडींना, कळतं असा मात्र सगळ्यांचा समज होता, कारण ते तसं वागत. कुणी गॅलरीत विचारलंच तर म्हणायचे, "पिळाचं काम आहे. आमचंच खातं." एवढं बोलून ते पेपर उघडत.

आता ही अगदीच थाप नव्हती. अक्षदा माटुंग्याच्या एका संस्थेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिचा रेणू खरोखरच पिळाचा होता. कार्बनची षटकोनी कडी असतात. कपाटातल्या डांबरगोळीत अशी दोन कडी एकमेकांना चिकटलेली असतात. हिने सात चिकटवली. एका अंगाने वळत वळत सातवं कडं येतं तेव्हा त्याला जागाच उरत नाही, समोर पहिलं कडं ठाण मांडून बसलेलं असतं. मग ते बिचारं त्याच्या डोक्यावर चढतं आणि सगळा रेणू गोल जिन्यासारखा होतो. हा जिना कधी डावा वळतो, कधी उजवा. दोन्हींचं वजन तेवढंच, दोन्ही वितळतातही सारखेच, पण एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. चंबूत दोन्ही निम्मेनिम्मे तयार होतात आणि ते वेगळे करण्यात हिची दोन वर्षं गेली. शेवटी अंगठ्याएवढ्या बाटलीत चिमूटभर पिवळी पूड जमली, सगळी डावी.

ह्याचा उपयोग काय, असं तिच्या आईने एकदा विचारलं होतं. त्यातून उजेड गेला की तो जरासा वळतो, असं अक्षदाने सांगितलं. मालनबाई बरं म्हणाल्या आणि त्यांनी कुकर लावला.

दौलतरावांना मात्र पहिल्याच दिवशी समजलं. सत्तावीस वर्षं ते परळच्या न्यू हरिविजय मिलमध्ये त्रासन खात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, होते. सूत उभं धरायचं आणि अंगावरची तिरकी रेघ बघायची. ती उजवीकडे चढली तर सुलटा पीळ, डावीकडे चढली तर उलटा. लेकीचा उजवा तो आपला सुलटा आणि डावा तो आपला उलटा, एवढं त्यांनी सुतळीचा तुकडा हातात घेऊन तिच्याकडून पक्कं करून घेतलं होतं. त्या दिवसापासून ते तिच्या संस्थेविषयी जरा बरोबरीच्या नात्याने बोलू लागले.

घरात तिसरा कलाकार होता दीपक, अक्षदाचा थोरला भाऊ. त्याचं गल्लीच्या तोंडावर फ्लेक्सचं दुकान. मंडळाचे, वाढदिवसाचे, नियुक्तीचे सगळे बॅनर तोच करायचा, आणि ह्या धंद्याचा एक नियम तो देवाच्या नियमासारखा पाळायचा: बॅनरच्या कडेच्या माणसाचं तोंड आत हवं. बाहेर बघणारा माणूस नाराज दिसतो, पक्ष सोडून चालल्यासारखा. कुणाचा फोटो बाहेर बघणारा निघाला की दीपक तो सरळ आरशासारखा उलटा करायचा. त्यामुळे लालबागमधल्या निम्म्या कार्यकर्त्यांची घड्याळं बॅनरवर उजव्या मनगटात असतात. आजवर एकाचीही तक्रार आलेली नव्हती.

तर बुधवारी दुपारी दौलतराव दादरच्या बाइंडरकडून थिसिसच्या पाच प्रती घेऊन बसमध्ये बसले. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, पाच प्रतींचं ओझं बऱ्यापैकी. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत त्या जमा करायच्या होत्या. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली, तिसरी मिळत नव्हती. शुक्रवार हुकला की नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी पिशवी सीटखाली न ठेवता मांडीवर घेतली होती.

उघडून बघायचा मोह कुणाला आवरला असता? इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, पण चित्राला काय लागतं. सत्तेचाळिसाव्या पानावर रेणू होता, मोठा, रंगीत, आणि खाली लिहिलं होतं की हा डावा. दौलतरावांनी सवयीने पुस्तक उभं धरलं. रेघ उजवीकडे चढत होती. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं. सुलटा. पुढे दहा पानांवर तोच रेणू होता आणि सगळीकडे सुलटाच होता.

आपल्याला काय कळतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिच्या गाइड डॉक्टर मृणालिनी मॅडमसारख्या बाईने तपासलंय, परदेशी मासिकात छापून आलंय, आपण सातवी पास. पण पीळ बघायला सातवीसुद्धा लागत नाही, हेही त्यांना माहीत होतं. लालबाग मागे पडून चिंचपोकळीचा स्टॉप आला तेव्हा ते उठले आणि एक स्टॉप मागे चालत आले.

संध्याकाळी मालनबाईंनी पाचही प्रती देवापुढे ठेवल्या आणि सगळ्यात वरच्या प्रतीला हळदकुंकू लावलं. अक्षदा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. दौलतरावांनी अर्धी भाकरी टाकली. दोन दिवस गप्प बसलं की झालं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली, कारण असं त्यांच्या मनात पूर्वीही एकदा आलं होतं.

गुरुवारी सकाळी चहा पिताना त्यांनी घसा खाकरला.

"अक्षदा, तुझा डावा म्हणजे आपला उलटा ना?"

"हो बाबा."

"मग ह्यात सुलटा का काढलाय?"

अक्षदाने प्रेमाने समजावलं, की बाबा, चित्र कुठल्या बाजूने काढलंय त्यावर दिसणं अवलंबून असतं. दौलतरावांनी खणातली सुतळी काढली, तिच्यापुढे उभी धरली, मग खालचं टोक वर करून परत धरली.

"दोर फिरवून पीळ बदलत नाही," ते म्हणाले. "आरशातच बदलतो."

हे तिच्याच थिसिसच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. ती चहा ठेवून उठली. लॅपटॉपवर तिने स्फटिकाच्या तपासणीचं मूळ चित्र काढलं, बंगळुरूहून तीन वर्षांपूर्वी आलेलं, आणि शेजारी थिसिस धरला. दोन चित्रं एकमेकांसमोर अशी उभी होती, की मधे आरसा ठेवावा. मूळ चित्रातला डावा होता. बाटलीतली पूड डावी होती, लिहिलेला शब्द न् शब्द बरोबर होता, फक्त चित्रं सगळी उलटी होती.

दीपक दात घासत होता. तीन वर्षांपूर्वी हिच्या परिषदेचं पोस्टर त्यानेच केलं होतं आणि तेच चित्र ती पुढे सगळीकडे वापरत आली होती. तू ह्याला काही केलं होतंस का, असं तिने विचारल्यावर तो ब्रश तोंडात धरूनच पुढे आला.

"तोंड बाहेर होतं त्याचं. मी आत वळवलं."

"कुणाचं तोंड?"

"त्याचंच," दीपकने रेणूकडे बोट केलं.

दीपक जाऊन चूळ भरून आला.

मग अक्षदा जमिनीवर बसली आणि एकदम लहान दिसायला लागली. कुणाला कळणार नाही, ती म्हणाली. मासिकाच्या दोन परीक्षकांना कळलं नाही, मॅडमना कळलं नाही, मला स्वतःला कळलं नाही. आणि आज सांगितलं तर मॅडम सही परत घेतील, उद्याचा दिवस जाईल, सगळं संपेल. बरं, त्या चित्रावर विसंबून पुढे कुणी उलटाच रेणू करत बसला तर त्याची वर्षं गेली, पण तो कोण, कुठला, आपल्याला कधी दिसणारसुद्धा नाही. तिने वडिलांकडे बघितलं.

"तुम्हीच सांगा, काय करू?"

"मला विचारू नकोस," दौलतराव म्हणाले. "मी गप्प बसलो होतो."

आणि पंचेचाळीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. मालनबाईंनी ऐकू यावं म्हणून गॅस बंद केला. ऐंशी साली त्यांच्या साच्याचे, म्हणजे सूत कातायच्या यंत्राचे, पट्टे बदलले तेव्हा त्यांनी ते उलटे चढवले आणि एक फेरीभर सूत उलट्या पिळाचं निघालं. लक्षात आलं तोवर बॉबिनी विणकामाला गेल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. कापड रंगवल्यावर दिसलं, मधोमध पट्टा. माग होता धोंडू परबचा. धोंडूला आठ दिवस घरी बसवलं आणि त्याचं जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, होणं कायमचं राहिलं. दौलतराव त्या आठ दिवसांत रोज कामावर जात होते आणि रोज ठरवत होते, की आज सांगू.

"पुढे मिलच बंद पडली," ते म्हणाले. "सांगायला खातंच उरलं नाही."

अक्षदा उठली, वेणी घातली आणि माटुंग्याला गेली.

ती गेल्यावर दौलतराव गॅलरीत उभे राहिले. आपण पोरीचं वाटोळं केलं की भलं, ह्याचा त्यांना काही केल्या अंदाज येईना. शेजारच्या वैशालीने थिसिस झाला का विचारलं तर त्यांनी पेपर उघडला, आणि तो कालचा निघाला.

साडेअकराला अक्षदाचा फोन आला. मृणालिनी मॅडमनी चित्र बराच वेळ बघितलं म्हणे, मग स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बोटं वळवून बघितली, मग म्हणाल्या की ह्यात माझीही सही आहे. ओरडल्या नाहीत. अकरा पानं बदला, मासिकाला शुद्धिपत्र पाठवू, आणि उद्या पाचच्या आत नाही आलात तर मी काही करू शकणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. दीपकने मंडळाच्या अध्यक्षांचा वाढदिवस बाजूला ठेवून अकरा पानं पाच वेळा छापली. ह्या वेळी रेणूचं तोंड बाहेर. दादरच्या बाइंडरने आधी हात वर केले. दौलतराव त्याच्या दुकानात स्टूल घेऊन बसले ते शेवटची प्रत शिवून होईपर्यंत उठले नाहीत. शुक्रवारी चार चाळीसला पाच प्रती जमा झाल्या. खळ ओली होती आणि एका प्रतीवर कुंकू होतं, पण नियमात दोन्हींबद्दल काही नव्हतं.

शुद्धिपत्र दोन महिन्यांनी आलं. चारच ओळी: अमुक चित्रं आरशातली छापली गेली, योग्य चित्रं पुढीलप्रमाणे, मजकूर बरोबर आहे, दिलगीर आहोत. ज्याने चूक दाखवली त्याचे आभार मानायचेच, असा मॅडमचा हट्ट होता, आणि फॉर्मवर नावापुढे विभाग आणि संस्था विचारली होती. अक्षदाने खरं ते भरलं. त्यामुळे त्या परदेशी मासिकात आता छापलेलं आहे: डी. घाडी, त्रासन खातं, न्यू हरिविजय मिल, परळ. त्या पत्त्यावर आज चाळीस मजल्यांचा टॉवर आहे आणि खातं होतं तिथे पोहण्याचा तलाव.

दौलतरावांनी कागद दोनदा वाचून घेतला. दिलगीर आहोत ही ओळ कुठली, ते बोट ठेवून विचारलं. मग इस्त्रीचा शर्ट घातला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि चालत काळाचौकीला गेले.

धोंडू परब खाटेवर बसून टीव्ही बघत होता. दौलतरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पट्ट्यापासून. पुरावा म्हणून कागद पुढे केला. धोंडूने टीव्हीचा आवाज कमी केला आणि पुष्कळ वेळ आठवून बघितलं.

"ते आठ दिवस होय," तो शेवटी म्हणाला. "घरी बसून काय करायचं म्हणून मी गावी गेलो होतो. तेव्हाच हिला बघितली आणि लग्न ठरवून आलो. एरवी रजा कोण देत होतं."

पंचेचाळीस वर्षं उराशी बाळगलेली गोष्ट आता ठेवायची कुठे, हे दौलतरावांना कळत नव्हतं. त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात जाईबाई चहा घेऊन आल्या. त्या आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी कप दौलतरावांच्या हातात दिला, एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा पाहुण्याकडे.

"म्हणजे ह्या लगीन तुमच्यामुळे झाला तर," त्या मालवणीत म्हणाल्या.