वाशीम की सिंगापूर

रिसोडचा व्यापारी सैफुद्दीन याची हळद पहिल्यांदाच परदेशी चालली होती. माल रिठदच्या शेतकऱ्यांचा, खरेदीदार हॉलंडचा. करार तपासायला तो वैजयंतीकडे आला. वाशीमच्या कोर्टात ती बारा वर्षं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आणि वाटणीच्या केसेस वकील म्हणून चालवत होती.

खरेदीदाराच्या मसुद्यात होतं, वाद झाल्यास निवाडा सिंगापूरच्या लवादापुढे.

"मी तेवढ्या दूर कुठं जाऊ? आपल्या वाशीमचं नाव टाका ना, ताई," सैफुद्दीन म्हणाला.

वैजयंतीनं खाली ओळ घातली: सर्व वाद वाशीमच्या न्यायालयातच चालतील. वरची तशीच राहू दिली. खालच्या ओळीनं काम भागेल असं तिला वाटलं. खरेदीदारानं काही न बोलता सही केली.

माल रॉटरडॅमला पोचला आणि भेसळ आहे म्हणून त्यानं तो नाकारला. सैफुद्दीनचं मागणं एकच होतं, तिसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. वैजयंतीनं वाशीमला दावा लावला. समोरचे म्हणाले, लवाद सिंगापूरला ठरलाय. तिनं सिंगापूरला अर्ज केला. तिथं ते म्हणाले, न्यायालय वाशीमचं ठरलंय. भांडायचं कुठं, यावरच चौदा महिने गेले. तोवर बंदरावरच्या गोदामात हळदीला बुरशी लागली आणि ती जाळून टाकली गेली. तपासायला काही उरलं नाही.

तसं पत्र आलं त्या दुपारी वैजयंतीनं डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं आणि रिसोडची बस धरली.

"सैफुद्दीनभाई, वरची ओळ मी खोडाले पाह्यजे होती. चूक माही आहे. वकील परिषदेकडे माह्यावर तक्रार करा. अर्ज मी लिहून आणला."

त्यानं अर्ज पूर्ण वाचला.

"मालात भेसळ नवती, ताई."

"मले मालूम आहे."

"तुमाले मालूम आहे. लिहून कोणी देलं नाही. रिठदचे लोक आता मले माल देत नाहीत."

त्यानं खिशातला पेन काढला.

"राग नाही माहा. पण सही करतो."

"करा."

त्यानं सही केली, चहा मागवला. दोघांनी तो घेतला. तिनं अर्ज पोस्टात टाकला आणि स्टँडवर बसून राहिली. वाशीमची एक बस गेली. ती उठली नाही. दुसरीत बसली.