कोरा संदेश

गुरुवारी दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मंगल बोलत नसे. कराडच्या ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालक उदयसिंहाला तर फारच चांगलं. म्हणूनच त्यानं सांगलीच्या बँकेबरोबरची बैठक नेमकी गुरुवारी सकाळी ठेवली. हे लक्षात आलं तेव्हा तिची कानशिलं तापली.

ऑफिसनं बँकांसाठी एक लायब्ररी, म्हणजे त्यांच्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, लिहिली होती. पैसे पाठवायचे तर बँकेच्या प्रोग्रॅमनं या लायब्ररीकडून तसा संदेश बनवून घ्यायचा, आणि पुढं व्यवहाराचा नंबर देऊन तोच परत मागायचा. बनवणं आणि काढून देणं, एवढंच तिचं काम. मंगलनं ती लिहिताना एक ओळ घातली होती. त्या नंबरचा संदेश नसेल तर 'असा संदेश नाही' असं स्वच्छ सांगायचं.

उदयसिंहानं ती काढायला लावली. "आमच्या किराणा दुकानात आज्ज्यापासनं कुणी गिऱ्हाइकाला न्हाई म्हटलेलं न्हाई. तूर नसली तर मूग दाखवायचा. नसला संदेश, तर नवा कोरा बनवून द्या की!"

"कोऱ्यावर माणूस फसंल, साहेब," ती तेव्हा हळूच म्हणाली होती. पण शेवटी ती ओळ पुसली तिच्याच हातानं.

आणि माणूस फसला. बँकेतला आसिफ एका म्हातारीच्या ऑपरेशनचे पैसे दवाखान्याला पाठवत होता. दवाखान्याच्या खात्याचा तपशील अर्धवट होता, म्हणून संदेश बनलाच नाही. खात्री करायला त्यानं व्यवहाराचा नंबर टाकून तो मागितला. लायब्ररीनं लगेच एक कोरा बनवून पुढं केला आणि पडद्यावर आलं, 'संदेश मिळाला'. आसिफ निर्धास्त. पैसे गेले नाहीत, म्हातारीचं ऑपरेशन पुढं ढकललं, आणि आसिफला घरी बसवलं.

"त्याला कामावरून काढायचं पत्र तयार आहे," बैठकीत बँकेच्या अधिकारी सुरय्या मॅडम म्हणाल्या. "सही करण्याआधी एकच सांगा. चूक त्याची, का तुमच्या लायब्ररीची?"

"आवं मॅडम, लायब्ररी सोन्यासारखी हाय!" उदयसिंह हसला. "पोरगं मोबाईलच्या नादात असंल. संदेश बनवलाच न्हाई त्यानं. ही बघा, लिहिणारी मंगलताई. देवाधर्माची बाई, जन्मात खोटं बोललेली न्हाई. आज मौन हाय तिचं." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "ताई, नुसती मान हलवा. व्रत बी राहतंय अन् काम बी हुतंय."

इतकी वर्षं जपलेलं मंगलचं व्रत यानं साक्षीला उभं केलं, तेही खोट्याच्या बाजूनं! आणि तिकडं कुणाचं तरी पोरगं घरी तोंड लपवून बसलेलं. तिनं मान हलवली नाही. डोळे मिटून एकदा देवाचं नाव घेतलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चहाचा कप उचललेला उदयसिंहाचा हात तिथंच थांबला.

"ताई, अवं मौन—"

"गप बसा तुमी!"

तिनं लॅपटॉप सुरय्या मॅडमपुढं सरकवला. "तुमच्या मनाला येईल तो नंबर टाका. कधी न बनवलेल्या संदेशाचा."

मॅडमनी काहीतरी आकडे बडवले. पडद्यावर आलं, 'संदेश मिळाला'. मंगलनं तो उघडून दाखवला. ना पाठवणारा, ना घेणारा, ना रक्कम. नुसता कोरा.

"हे आसिफला कसं कळणार होतं?" मंगलनं विचारलं. "मला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं. मी ओळ पुसली, हा माझा दोष. त्याचा नाही."

सुरय्या मॅडमनी फोन लावला. "आसिफ? उद्यापासून कामावर ये, बेटा. आधी त्या आजींच्या दवाखान्यात जाऊन ये."

त्या गेल्यावर उदयसिंह दात खात म्हणाला, "धंद्याची माती केलीस. आणि वर व्रत बी मोडलंस."

"मोडलं," मंगल म्हणाली. तिची बोटं केव्हाच की-बोर्डवर गेली होती. पुसलेली ओळ ती परत लिहीत होती. "त्याचं मी देवाला सांगीन. तुमी बाकीच्या बँकांना फोन लावा. लावताय, का मी लावू?"